खोका खरं बोलतो का? जुन्या खेळण्यांच्या बनावट वेष्टनाची गोष्ट

आपल्या मालिकेत लढाया, किल्ले आणि तहनामे खूप झाले. आजचा विषय खेळण्यातल्या सैनिकांचा आहे. खरं सांगायचं तर त्या सैनिकांचाही नाही, ते ज्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात यायचे त्या वेष्टनाचा आहे.

निवृत्तीनंतर मी बंगळुरूत राहतो. इथे चाळिशीतली अनेक मंडळी आपल्या लहानपणची खेळणी शोधत असतात. चिकपेटजवळच्या रविवारच्या बाजारात शोधतात, इंटरनेटवरही शोधतात. तोच बाहुला सुटा मिळाला तर एक किंमत, आणि न उघडलेल्या पाकिटात मिळाला तर कितीतरी पट जास्त. कारण साधं आहे. मुलांनी खेळणं जपलं, पण पाकीट पहिल्याच दिवशी फाडून फेकलं. त्यामुळे खेळण्यापेक्षा पाकीट दुर्मीळ झालं, आणि जे दुर्मीळ त्याची नक्कल होणारच. खरा जुना बाहुला घ्यायचा, नवा छापलेला पुठ्ठा घ्यायचा, वर प्लॅस्टिकचा फुगा चिकटवायचा, की झाला ‘न उघडलेला’ माल.

थोडा इतिहास बघू. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली जी. आय. जो हा फूटभर उंचीचा सैनिक बाजारात आणला. माणसाच्या शरीराच्या आकारावर मालकी कशी सांगणार? म्हणून त्याच्या उजव्या गालावर एक व्रण ठेवला. अंगठ्याचं नख चुकीच्या बाजूला आलं होतं, तीही खूण नक्कल पकडायला उपयोगी पडली. म्हणजे या धंद्यात नकलेची भीती पहिल्या दिवसापासून होती. १९७८ मध्ये केनर कंपनीचे स्टार वॉर्सचे पावणेचार इंची बाहुले आले. १९८२ मध्ये जी. आय. जोसुद्धा त्याच मापाचा झाला. आपल्याकडे हे सैनिक फनस्कूलने आणले. ही एम.आर.एफ. समूहाची कंपनी १९८७ ची, आणि तिचा कारखाना गोव्यात. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झालं.

आता मुद्द्यावर येतो. चौकीवर ओळखपत्र तपासताना नुसता फोटो बघून भागत नाही. तारीख, शिक्का, पत्ता हे सगळं एकमेकांशी जुळतं का ते बघावं लागतं. खोक्याचंही तसंच आहे. नक्कल करणारा चित्रावर मेहनत घेतो. बारीक अक्षरांकडे त्याचं लक्ष कमी असतं, आणि आपल्या देशात ती बारीक अक्षरं म्हणजे इतिहासच.

पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. त्याआधी ‘बेंगलोर-१’ असं लिहीत. राज्याचं नाव ‘कर्नाटक’ असेल, तर १ नोव्हेंबर १९७३ नंतरची. आधी ते म्हैसूर राज्य होतं. ‘सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत’ ही ओळ १९९० च्या सुमारास सक्तीची झाली. त्याआधीच्या मालावर ‘स्थानिक कर वेगळे’ असा मजकूर सर्रास दिसे. मुंबई हे अधिकृत नाव १९९५ चं, चेन्नई १९९६ चं. ८९० ने सुरू होणारे बारकोड देणारी संस्थाही भारतात १९९६ मध्येच सुरू झाली. रुपयाचं नवं चिन्ह २०१० चं. इंग्रजीत ‘बेंगलोर’चं ‘बेंगळुरू’ झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. आणि खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक झालं १ जानेवारी २०२१ पासून.

पण इथे एक नियम पक्का लक्षात ठेवा. हा पुरावा एकाच बाजूने चालतो. १९९२ चा म्हणून विकल्या जाणाऱ्या खोक्यावर ‘चेन्नई’ दिसलं, तर तो खोका १९९२ चा नाही. पण ‘मद्रास’ दिसलं म्हणून तो जुना ठरत नाही. जुने छापील पुठ्ठे संपेपर्यंत कारखाने वापरत राहतात. शिवाय चांगल्या नकलेत जुना पत्ता जसाच्या तसा उचललेला असतो.

म्हणून अक्षरांनंतर पुठ्ठा तपासायचा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. जुन्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके ठरावीक रचनेत, छोट्या फुलांसारखे दिसतात. घरगुती इंकजेटचे ठिपके विखुरलेले असतात. मूळ पुठ्ठ्याचा फोटो काढून पुन्हा छापला असेल, तर बारीक अक्षरांच्या कडा पसरट होतात. काळी अक्षरं मूळ पुठ्ठ्यावर सहसा एकाच शाईची असतात. नकलेत त्यांच्या कडेला इतर रंग डोकावतात.

मग फुग्याची कड बघा. कारखान्यात पुठ्ठ्यावरचा लेप उष्णतेने वितळवून, दाब देऊन फुगा बसवतात, त्यामुळे जोड सगळीकडे सारखा येतो. हाताने चिकटवलेल्या जोडात गोंदाचे ओघळ, बुडबुडे किंवा कडेखाली फाटलेल्या कागदाचे तंतू सापडतात. अतिनील दिव्याबद्दल बरंच बोललं जातं. नव्या पांढऱ्याशुभ्र कागदातली रसायनं त्याखाली निळसर चमकतात हे खरं, पण तशी रसायनं ऐंशीच्या दशकातल्या कागदातही होती. तेव्हा त्या एकट्या दिव्यावर निकाल देऊ नका.

उलटी चूकही होते. फनस्कूलचे सैनिक अमेरिकेतल्यापेक्षा वेगळ्या रंगांत यायचे. ते बघून ‘हा बनावट’ असा शिक्का मारणारे पुष्कळ आहेत. अस्सल वस्तू खोटी ठरवली, तर ती कचऱ्यात जाते आणि एक पुरावा कायमचा नाहीसा होतो.

हौसेसाठी नवा पुठ्ठा छापणारेही असतात. मात्र त्यावर ‘प्रतिकृती’ असं न पुसता येणाऱ्या शाईत लिहा. तुम्ही प्रामाणिकपणे विकाल, पण तिसऱ्या मालकाला ते कोण सांगणार? राजवाड्यांच्या दप्तरांची काळजी घेणारे लोक आहेत. १९९० च्या भारतात मूल काय खेळत होतं, ते खेळणं कुठे बनलं आणि केवढ्याला मिळालं, याचं दप्तर मात्र या पुठ्ठ्यांवरच आहे. त्यात खोटी पानं घुसू नयेत, एवढंच.

माळ्यावर जुना खोका असेल तर फेकण्याआधी त्याची मागची बाजू वाचा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.