घटस्फोट आणि निवृत्तीवेतन : आपले हक्क जाणून घ्या

घटस्फोटाच्या वेळी घर, दागिने आणि मुलांचा ताबा यांवर बोलणी होतात. पती किंवा पत्नीचे निवृत्तीवेतन (पेन्शन) आणि भविष्य निर्वाह निधी मात्र अनेकदा चर्चेतच येत नाहीत. उतारवयात हीच रक्कम आधाराची असते. त्यामुळे तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी पुढील माहिती वाचा.

पेन्शनची आपोआप वाटणी होते का?

नाही. काही देशांत न्यायालय पेन्शनचे थेट दोन हिस्से करते. भारतात तशी तरतूद नाही. पेन्शन कर्मचाऱ्याच्याच नावावर राहते. मात्र पोटगी ठरवताना ती त्याचे उत्पन्न म्हणून धरली जाते.

पोटगी कोणत्या कायद्याने मिळते?

- हिंदू विवाह कायदा, १९५५ (कलम २५) : पती किंवा पत्नी, दोघांपैकी कोणीही कायम पोटगी मागू शकते. ती दरमहा किंवा एकरकमी मिळू शकते. हुकूमनाम्याच्या वेळी किंवा त्यानंतरही अर्ज करता येतो.
- विशेष विवाह कायदा, १९५४ (कलम ३७) : नोंदणी विवाह केलेल्या पत्नीसाठी.
- भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (कलम १४४) : कोणत्याही धर्माच्या पत्नीसाठी. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित पत्नीही अर्ज करू शकते.

समोरची व्यक्ती पेन्शन लपवत असेल तर?

सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानुसार पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात पेन्शन, भविष्य निर्वाह निधी आणि गुंतवणुकीची माहिती आली आहे का, हे आपल्या वकिलांकडून तपासून घ्या.

पोटगी थकल्यास पेन्शनवर जप्ती येते का?

पेन्शन कायदा, १८७१ च्या कलम ११ नुसार सावकार किंवा इतर धनकोच्या मागणीवरून पेन्शन जप्त करता येत नाही. मात्र पोटगी मागणारी पत्नी ही धनको नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये पोटगीच्या वसुलीसाठी पेन्शनवर जप्ती आणता येते, असा निर्णय दिला आहे.

पेन्शनधारकाच्या मृत्यूनंतर काय?

येथेच सर्वाधिक गैरसमज होतो. घटस्फोटित पती किंवा पत्नीला कुटुंब निवृत्तीवेतन मिळत नाही. लग्न तीस वर्षे टिकले असले तरी नियम बदलत नाही.

उदाहरण : निवृत्त कर्मचाऱ्याला दरमहा ₹३०,००० पेन्शन आहे आणि त्यातून तो घटस्फोटित पत्नीला ₹१०,००० पोटगी देतो. त्याचा मृत्यू झाल्यास ही पेन्शन थांबते आणि तिच्यातून येणारी पोटगीही थांबते. म्हणून केवळ मासिक रकमेवर समाधान मानू नका. एकरकमी पोटगी, घराचा हक्क किंवा स्थावर मालमत्तेवर बोजा यांचाही विचार करा. कलम २५ नुसार न्यायालय असा बोजा ठेवू शकते.

मुलांचा हक्क मात्र घटस्फोटाने जात नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत पात्र मुलाला साधारणपणे २५ वर्षांपर्यंत कुटुंब निवृत्तीवेतन मिळू शकते. विवाह झाल्यास किंवा कमाई सुरू झाल्यास ते आधी बंद होते. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्येही २५ वर्षांखालील मुलांसाठी पेन्शन आहे. एका वेळी दोन मुलांना ती मिळते.

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी दोन महत्त्वाच्या तरतुदी

१. घटस्फोटाचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा खटला सुरू असलेली महिला कर्मचारी वा पेन्शनधारक लेखी विनंती करून पतीऐवजी आधी पात्र मुलांना कुटुंब निवृत्तीवेतन देण्यास सांगू शकते. ही तरतूद जानेवारी २०२४ मध्ये लागू झाली.

२. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या घटस्फोटित मुलीला, इतर अटी पूर्ण झाल्यास, त्यांच्या पश्चात कुटुंब निवृत्तीवेतन मिळू शकते. आईवडिलांपैकी एकाच्या हयातीत घटस्फोटाचा अर्ज दाखल झालेला असणे पुरेसे आहे; निकाल नंतर लागला तरी चालतो.

आपण काय करावे?

- तडजोडनाम्यातील "भविष्यातील सर्व हक्क सोडले" असे वाक्य समजून घेतल्याशिवाय सही करू नका.
- पोटगीची रक्कम, देण्याची तारीख आणि बँक खाते स्पष्ट लिहून घ्या.
- आपण स्वतः नोकरीत असाल, तर घटस्फोटानंतर भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, एनपीएस आणि विमा यांतील नामनिर्देशन लगेच बदला.
- हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि मुलांचे जन्मदाखले जपून ठेवा.

मोफत मदत कोठे मिळेल?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. आपल्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधा.

राज्य सरकार, संरक्षण दले आणि बँका यांचे पेन्शन नियम वेगळे असू शकतात. संबंधित कार्यालयाकडून लेखी माहिती घेऊनच निर्णय घ्या.