बैलांचा मुक्काम

आमच्या टीममधला एक मित्र सध्या ऑनसाईट आहे. गेल्या महिन्यात त्यानं भाड्यानं आरव्ही घेतली, बायकापोरांना घातलं आणि आठ दिवस जुन्या मित्रांच्या, नातेवाईकांच्या घरी फिरून आला. आरव्ही म्हणजे चाकावरचं घर. पलंग, ओटा, संडास, सगळं आतच. फोटोंसोबत शेरा होता: "आपल्याकडे असलं काही कधी नव्हतं यार!"

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, ते सोडा. पण "कधी नव्हतं" हे काही मला पटलं नाही. मी गोंदिया जिल्ह्यातला. आमच्याकडे सहकुटुंब, सहपरिवार, अंथरूण-पांघरुणासह नातेवाईकांकडे फिरत जायची पद्धत मोटार यायच्या कितीतरी आधीपासून होती. इंजिनाच्या जागी बैल होते, एवढाच काय तो फरक :-)

त्या गाडीचं नाव रेंगी. धान आणि शेणखत वाहायची ती बंडी. माणसांसाठी हलकी रेंगी. खाली तणस, त्यावर गोधडी, वर बांबूच्या कमानीचं छप्पर. पुढे आजोबा, आत बायका-पोरं, फराळाचे डबे, आणि मागे बैलांचा चारा (म्हणजे फ्युएल टँक!). रस्त्यात तळं दिसलं की गाडी सोडायची, बैलांना पाणी दाखवायचं, आपण शिदोरी सोडायची. आणि तळ्यांना आमच्याकडे तोटा नाही. मालगुजारीच्या काळातली शेकडो तळी भंडारा-गोंदियात आहेत. नवेगावबांधचा प्रचंड तलाव तर परंपरेनं कोलू पाटील कोहळी यांच्या नावावर सांगतात.

आता प्रश्न असा, की ही मंडळी जायची कधी? उत्तर: मंडईला.

बाहेरच्या लोकांना मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवतो. आमची मंडई वेगळी. दिवाळी झाली, पाडव्याला गायगोधन झालं, की भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात. दिवसा बाजार, मिठाईची दुकानं, पाळणे. रात्री दंडार, खडी गंमत, नाटक. पण खरं कारण पाहुण्यांचं. मंडईला लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरे येतात, आणि "तुमच्या मुलीचं काय मग यंदा?" हा विषयही तिथेच निघतो. बऱ्याच लग्नांची पहिली बोलणी मंडईतच होतात.

मला व्यवसायामुळे असेल, पण यात सगळ्यात भारी वाटतं ते शेड्युलिंग. शेजारच्या गावांच्या मंडया शक्यतो एका दिवशी येत नाहीत. आज आमची, उद्या पलीकडच्या गावची, परवा आत्याच्या गावची. कुठलंही मंत्रालय नाही, सर्व्हर नाही, तरी क्लॅश नाही! तारखांच्या या साखळीमुळे एकच कुटुंब एका फेरीत चार गावं करू शकायचं. वेळही कशी अचूक निवडलेली, बघा. हलकं धान कापून घरात आलेलं असतं, भारी धान अजून बांधीत उभं असतं. हातात थोडे पैसे आणि थोडी सवड, दोन्ही एकदम फक्त याच दिवसांत.

बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालतो. म्हणजे दिवसाचा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटर. आमच्या घराण्यातल्या जुन्या सोयरिकी मी नकाशावर मांडून पाहिल्या, तर आजोबांच्या आधीच्या पिढीतल्या जवळजवळ सगळ्या याच अंतरात बसतात. दिवसभर चाललेले बैल रात्री परत हाकता येत नाहीत, म्हणून मुक्काम ठरलेलाच. "राहा ना जी आजची रात" असा आग्रह व्हायचाच, पण न करता चाललं असतं. मुक्काम हा आधी बैलांचा हक्क होता, पाहुण्यांना तो त्यांच्यामुळे मिळाला.

मग रेल्वे आली.

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर छत्तीसगडचं धान्य बाहेर काढायला नागपूर-छत्तीसगड रेल्वे बांधली गेली. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मीटरगेज लाईन नागपूरहून राजनांदगावपर्यंत पोचली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिनं ही लाईन घेतली आणि ब्रॉडगेज केली. या भागात त्याआधी दबदबा होता तो कामठ्याच्या जमीनदारीचा. गोंदिया वाढलं ते स्टेशनामुळे. पुढे १९०५ पर्यंत गोंदियाहून जबलपूरला जाणारी अडीच फुटी छोटी लाईन झाली आणि १९०८ मध्ये दुसऱ्या बाजूला नागभीडची. गोंदिया जंक्शन झालं. मुख्य लाईन पूर्व-पश्चिम, छोटी लाईन उत्तर-दक्षिण. धान, तेंदूपत्ता, विडी वाहणाऱ्या या रुळांवरून नातीगोतीही धावायला लागली. आमच्या घरात बालाघाटकडची पहिली सून आली ती छोट्या लाईनच्या काळातच. ती माझी आजी.

आता गंमत (की आणखी काही) बघा. आजीचं लग्न १९५५ चं. तेव्हा तिचं माहेर बालाघाट जिल्ह्यात, सासर भंडारा जिल्ह्यात, आणि दोन्ही एकाच राज्यात: मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. आजी जागची हलली नाही, पण तिच्या सासरचं राज्य दोनदा आणि जिल्हा एकदा बदलला.

कागदावर एवढंच. घरात मात्र याचा परिणाम हळूहळू झाला. तिच्या भावाची मुलं हिंदी शाळेत गेली, तिची मुलं मराठी शाळेत. बाबा आणि त्यांचे मामेभाऊ एकमेकांशी पोवारीत बोलतात. आम्ही नातवंडं एकमेकांशी हिंदीत बोलतो, कारण आमच्यातल्या कुणालाच पोवारी धड येत नाही. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर पोवार समाज आहे. बाघ नदीवर सीमा आखणाऱ्यांनी काही ती भाषा तोडली नाही. मुक्काम तुटले, तशी ती तुटत गेली. शाळेत न शिकवली जाणारी भाषा लहान पोरं रात्री आज्याजवळ झोपताना शिकतात, तासाभराच्या चहाच्या भेटीत नाही.

रस्ते तर आता झकास आहेत. जुना राष्ट्रीय महामार्ग ६, म्हणजे आताचा ५३, साकोली-कोहमारा-देवरी करत थेट छत्तीसगडात जातो. छोटी लाईनही गेली. नागभीडकडची नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली, बालाघाटच्या पुढची २०१५ मध्ये बंद पडली आणि नंतर मोठी होऊन जबलपूरपर्यंत पुन्हा जोडली गेली. म्हणून यंदा दिवाळीत आम्ही तेरा जणांसाठी नागपूरहून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. प्लॅन माझा, एक्सेल शीटसकट: कोहमाऱ्यावरून नवेगावबांधला बाबांचे जुने शिक्षक मित्र, मग गोरेगाव, गोंदिया, आमगाव आणि शेवटी बालाघाट. दोन दिवसांत सात घरं. प्रत्येक घरी पंचेचाळीस मिनिटं, रात्री गोंदियात लॉज.

नवेगावबांधला काका दारातच उभे होते. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे, आणि विचारलं, "गाडी थकत नाही ना जी ही?" सगळे हसले. चहा झाला, फोटो झाले, आम्ही निघालो. गोरेगाव झालं, गोंदियात बाबांचे रेल्वेतून निवृत्त झालेले मित्र भेटले, सगळं शीटप्रमाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी आमगावच्या रस्त्याला लागणार, तेवढ्यात आजी म्हणाली, "मी आज फक्त माझ्या भावाकडे जाणार. आणि राहणार."

बाबांनी समजावलं की आमगावचे लोक वाट पाहतायत. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांना वाट पाहायला वर्षं आहेत. आम्हा दोघांना नाहीत."

ट्रॅव्हलर बालाघाटकडे वळली. बाघ नदी ओलांडताना मोबाईलवर मध्य प्रदेशात स्वागताचा मेसेज आला. आजीनं विचारलं काय आहे, मी सांगितलं. "हं," एवढंच म्हणाली.

त्या रात्री गावात मंडई नव्हती, ती चार दिवसांनी होती. दंडार नाही, पाळणे नाहीत. मामाजींच्या अंगणात दोन खाटा शेजारी-शेजारी टाकल्या होत्या आणि दोघं म्हातारी माणसं कितीतरी वेळ बोलत होती. माझी पुतणी, वय वर्षं सहा, आजीच्या कुशीत पडून ऐकत होती. मधेच तिनं एका शब्दाचा अर्थ विचारला. आजीनं सांगितला. थोड्या वेळानं तिनं दुसरा विचारला.

पुढच्या वर्षीच्या शीटमध्ये मी सातची तीन घरं केली आहेत आणि एक नवा कॉलम टाकलाय: रात्री. लॉजची ओळ काढून टाकली.