उल्हास नदीतील मालवाहतूक

उल्हास नदीतील मालवाहतूक म्हणजे महाराष्ट्राच्या ठाणे व पालघर जिल्ह्यांतील उल्हास नदी आणि वसई खाडी यांमधून होडी, गलबत अथवा बार्ज यांच्या साहाय्याने होणारी मालाची ने-आण होय. प्राचीन काळी कल्याण हे या जलमार्गावरील प्रसिद्ध बंदर होते. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ अन्वये कल्याण–ठाणे–मुंबई जलमार्ग, वसई खाडी व उल्हास नदी मिळून सुमारे १४५ किलोमीटर लांबीचा 'राष्ट्रीय जलमार्ग ५३' घोषित झाला. असे असूनही नदीकाठच्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या औद्योगिक शहरांचा माल आज प्रामुख्याने रस्त्यानेच जातो.

भौगोलिक स्वरूप

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगररांगेत उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर, उल्हासनगर व कल्याण या गावांजवळून वाहत ती वसईच्या खाडीवाटे अरबी समुद्रास मिळते. तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर आहे. बारवी, काळू व भातसा या तिच्या परिसरातील महत्त्वाच्या नद्या होत. अंबरनाथ व उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी ही लहान नदी कल्याणजवळ उल्हास खाडीस मिळते.

वाहतुकीच्या दृष्टीने या नदीचे दोन स्वतंत्र भाग पडतात. समुद्राची भरती कल्याणपर्यंत पोहोचते. तेथून खालचा भाग खाडीचा असून त्यात पूर्वापार होड्या चालत आल्या आहेत. त्याच्या वरचा भाग गोड्या पाण्याचा, उथळ आणि काही ठिकाणी खडकाळ आहे. उल्हासनगर कॅम्प १ लगतचे शहाड, तसेच मोहने, जांभूळ व बदलापूर ही ठिकाणे या वरच्या भागात मोडतात. ठिकठिकाणी बंधारे घालून येथील पाणी अडविण्यात आले आहे. पावसाळ्यात हीच नदी रौद्र रूप धारण करते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर ते वांगणी दरम्यान लोहमार्गावर पुराचे पाणी आल्याने महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती.

इतिहास

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा बंदर म्हणून उल्लेख आहे. कान्हेरी येथील लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. देशावरचा माल बैलांच्या पाठीवर लादून नाणेघाटासारख्या घाटांतून खाली उतरे आणि खाडीच्या काठी जहाजांवर चढे. घाटवाट व जलवाट यांचा हा सांधा कल्याणच्या भरभराटीचे मुख्य कारण होता.

ऑक्टोबर १६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी ही ठाणी ताब्यात घेतली. कल्याणच्या खाडीत स्वराज्याच्या आरमाराची जहाजबांधणी सुरू झाली. खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला या काळाची साक्ष देतो.

१ मे १८५४ रोजी लोहमार्ग ठाण्याहून कल्याणपर्यंत आला. बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये व थळघाटातील मार्ग १८६५ मध्ये खुला झाल्यावर देशावरचा माल कल्याणला न उतरता थेट मुंबईस जाऊ लागला. घाट आणि खाडी यांचा सांधा अशा रीतीने निखळला व बंदराचे महत्त्व ओसरले. पुढील काळात खाडीतील होड्या मुख्यतः मीठ, मासळी व रेती यांसारख्या मालापुरत्या उरल्या. कल्याण, मुंब्रा आदी ठिकाणची 'रेतीबंदर' ही नावे याच व्यवसायातून आली. पाणबुड्याने तळाशी जाऊन बादलीने रेती काढण्याच्या पद्धतीस स्थानिक भाषेत 'डुबी' म्हणतात.

उल्हासनगर ही वसाहत ८ ऑगस्ट १९४९ रोजी स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले होते. छावणीचे पाच विभाग आजही 'कॅम्प' म्हणून ओळखले जातात. नव्या शहरास नाव नदीचे मिळाले. व्यापार मात्र प्रारंभापासून लोहमार्ग व रस्ता यांवरच उभा राहिला.

जलवाहतुकीचे लाभ

पाण्यावर तरंगणारे ओझे ओढण्यास तुलनेने कमी शक्ती लागते. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाच्या प्रचलित आकडेवारीनुसार एक लिटर इंधनात रस्त्याने २४, रेल्वेने ८५ व जलमार्गाने १०५ टन-किलोमीटर वाहतूक होते. एक टन माल एक किलोमीटर नेणे म्हणजे एक टन-किलोमीटर. ५०० टन माल वाहणारी एक बार्ज २५ टन क्षमतेच्या २० ट्रकांचे काम करते. खाडीच्या उत्तर काठावरील काल्हेर, कशेळी व माणकोली परिसरात गोदामांची मोठी दाटी असून त्यांच्याकडे जाणारी अवजड वाहने ठाणे–भिवंडी व घोडबंदर रस्त्यांवरील कोंडीत भर घालतात.

अडचणी

जलमार्गाचा प्रतिकिलोमीटर खर्च कमी असला, तरी माल गोदामातून धक्क्यापर्यंत नेणे, बार्जवर चढविणे, पलीकडे उतरविणे व पुन्हा ट्रकमध्ये भरणे हा खर्च त्यात मिळवावा लागतो. अंतर लांब असल्यास तो भरून निघतो. उल्हासनगर ते मुंबई हे अंतर त्या मानाने थोडे आहे. शिवाय येथील फर्निचर, जीन्स व तयार कपडे हा माल लहान लहान गठ्ठ्यांनी अनेक गिऱ्हाइकांकडे जातो. कोळसा वा खनिजाप्रमाणे तो एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जात नाही.

याखेरीज साचणारा गाळ, भरती-ओहोटीचे वेळापत्रक व पुलांखालील मर्यादित उंची या अडचणी आहेत. ठाण्याजवळ वसई खाडी व ठाणे खाडी यांना जोडणारा प्रवाह अरुंद आहे.

रायगड जिल्ह्यातील अंबा नदीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. राष्ट्रीय जलमार्ग १० असलेल्या या नदीतून धरमतर येथील धक्क्यावर बार्जने कच्चा माल येतो. डोलवीचा पोलाद कारखाना धक्क्याला लागूनच असल्याने ट्रकची मधली फेरी वाचते. गोव्यात मांडवी व झुवारी नद्यांतून लोहखनिजाची वाहतूकही याच तत्त्वावर चालत आली. उल्हासच्या काठी ही परिस्थिती खाडीलगतच्या गोदामांना काही अंशी लागू पडते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील मालास मात्र आधी रस्त्याने कल्याण वा डोंबिवलीचा धक्का गाठावा लागेल.

पाणीपुरवठा व पर्यावरण

कल्याणच्या वरच्या भागात जलमार्ग नेण्यास सर्वांत मोठी मर्यादा पिण्याच्या पाण्याची आहे. बदलापूर, जांभूळ, शहाड व मोहने येथून उचललेले पाणी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर व कल्याण-डोंबिवलीसह ठाणे, भिवंडी व मीरा-भाईंदर या शहरांपर्यंत पोहोचते. बंधारे काढले तर पाणी टिकणार नाही. ठेवले तर बार्ज चालणार नाही. त्यात तेलगळतीची जोखीम वेगळीच. सांडपाण्यामुळे फोफावणारी जलपर्णी ही नदीची जुनी व्यथा आहे.

खाडीच्या भागात तिवरांच्या संरक्षणाचा प्रश्न आहे. ठाणे खाडीतील काही क्षेत्र २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले व २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. गाळ काढणे व धक्के बांधणे ही कामे या मर्यादा सांभाळून करावी लागतात.

सद्यस्थिती

वसई–ठाणे–कल्याण जलवाहतूक प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात मीरा-भाईंदर, कोलशेत, काल्हेर व डोंबिवली येथील धक्क्यांचा समावेश आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई–भाईंदर दरम्यान वाहनांसह प्रवासी नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. या दोन्ही योजनांचा भर प्रवासी व वाहने यांवर आहे. मालवाहतुकीचा विचार करता खालच्या खाडीत जलमार्ग आणि वरच्या नदीत पाणीपुरवठा अशी विभागणी नदीच्या स्वरूपानेच घालून दिलेली आहे.