पेशी हजारो, नमुना एकच

१९३८ साली कलकत्त्यात भारतीय संख्याशास्त्र परिषद भरली. अध्यक्ष होते इंग्लंडचे रोनाल्ड फिशर. प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला गाठणे म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणे. प्रयोग कशाने मेला एवढेच फार तर तो सांगेल, अशा अर्थाचे ते बोलले.

या बोलण्यामागे शेतातला अनुभव होता. फिशर १९१९ साली रोदॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले होते. एका वाफ्याला खत घातले, दुसऱ्याला घातले नाही आणि पीक मोजले, तर खताचा गुण कळतोच असे नाही. फरक जमिनीच्या कसाचाही असू शकतो. म्हणून प्रत्येक खत अनेक वाफ्यांना द्यावे, कोणत्या वाफ्याला कोणते हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि सारख्या जमिनीतल्या वाफ्यांचीच आपसात तुलना करावी, असे नियम त्यांनी घालून दिले.

आता पेशीकडे वळू. जनुक कार्यरत झाले, की त्याच्या आरएनए प्रती तयार होतात. त्या मोजण्यासाठी पूर्वी असंख्य पेशी एकत्र कराव्या लागत आणि हाती येई ती केवळ सरासरी. २००९ साली केंब्रिजमध्ये अझीम सुराणी यांच्या गटातील फुचौ तांग व सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणातील एकाच पेशीचे आरएनए वाचून दाखवले. २०१५ साली एकेक पेशी सूक्ष्म थेंबात पकडून उंदराच्या दृष्टिपटलातील ४४,८०८ पेशी वाचल्या गेल्या.

एवढे आकडे हाती आल्यावर फिशरचे नियम कशाला हवेत? हवेतच. एका रुग्णाच्या दहा हजार पेशी म्हणजे दहा हजार रुग्ण नव्हेत. ती एकाच वाफ्यातली दहा हजार कणसे. शिवाय रुग्णांच्या पेशी सोमवारी आणि निरोगी माणसांच्या मंगळवारी वाचल्या, तर दिसणारा फरक रोगाचा की वाराचा? २०१७ साली शिकागोतील योआव गिलाड यांच्या गटाने तीन व्यक्तींच्या पेशी प्रत्येकी तीन वेळा स्वतंत्रपणे तपासल्या. एकाच व्यक्तीच्या पेशींची मोजमापेही खेपेगणिक बदललेली आढळली. उपाय जुनाच: माणसे अनेक घ्यावीत आणि प्रत्येक खेपेत दोन्ही प्रकारचे नमुने मिसळावेत.

वर्गात एक कुंडी उन्हात, एक कपाटात ठेवून प्रत्येकीत वीस वाल पेरले, तर नमुने किती? विद्यार्थी चाळीस म्हणतील. कुंड्या मात्र दोनच आहेत. ही चर्चा बी पेरण्यापूर्वीच व्हायला हवी.