धूर कमी झाला, पण हिशेब कोणी चुकवला?

‘डीकपलिंग’ हा शब्द हल्ली सारखा कानावर येतो. सोप्या भाषेत सांगायचं तर अर्थव्यवस्था वाढावी, पण कर्बवायू तितक्या प्रमाणात वाढू नये. हा प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला आहे असं आपल्याला वाटतं. पण याचा एक जुना धडा आपल्या सह्याद्रीतच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. मुंबईजवळ कोळसा नाही. तो बंगालमधून रेल्वेने किंवा परदेशातून जहाजाने यायचा, म्हणजे महाग पडायचा. शिवाय धूर इतका, की १९१२ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. यातून टाटांची जलविद्युत योजना पुढे आली. लोणावळ्याजवळ धरणं बांधून घाटमाथ्यावरचं पाणी पाचशे मीटरहून खाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ साली वीज सुरू झाली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. सूत निघत राहिलं, वाफेची इंजिनं मात्र मागे पडू लागली. हेतू पर्यावरणाचा नव्हता, खर्चाचा होता. पण परिणाम बघा, उत्पादन आणि धूर यांची गाठ सैल झाली!

आता दोन प्रश्न विचारू या.

पहिला, कोळसा गेला का? नाही. विजेची मागणी पाण्याच्या पुढे धावली. १९५६ साली ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आलं. साठच्या दशकात कोयनेची वीज मिळू लागली, तरी ती पुरली नाही, आणि कोराडी, चंद्रपूर उभी राहिली. आज कोयनेची क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट आहे, तर एकट्या चंद्रपूरची २,९२०. धूर मुंबईतून उठून विदर्भात गेला, इतकंच.

दुसरा प्रश्न, किंमत कोणी मोजली? भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचं खोरं बुडणार होतं. भाताची उत्तम जमीन असलेली सुमारे पन्नास गावं त्यात जाणार होती. १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. १९२४ पर्यंत लढा चालला, पण धरण झालंच. मुळात पूर्वेला भीमेकडे जाणारं हे पाणी वीज करून पश्चिमेला कोकणात उतरलं. वीज मुंबईला, विस्थापन मावळाला.

आता आजचं बोलू. भारताच्या अधिकृत अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटलं. ही खरी कमाई आहे, तिला कमी लेखू नका. पण प्रमाण घटलं म्हणजे बेरीज घटली असं नाही. त्याच काळात एकूण उत्सर्जन वाढलंच, कारण अर्थव्यवस्था त्याहून वेगाने वाढली. हवामानाला प्रमाण कळत नाही, त्याला बेरीज कळते. आणि ज्या देशात माणशी वीजवापर अजून जगाच्या सरासरीहून बराच कमी आहे, तिथे ‘वाढ थांबवा’ हे उत्तर होऊ शकत नाही.

म्हणून कोणी ‘गाठ सुटली’ असं सांगितलं, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने तीन गोष्टी तपासाव्यात. धूर कमी झाला, की नुसता दुसऱ्या गावी गेला? नवी वीज कोळशाच्या जागी आली, की कोळशाच्या जोडीला? आणि तिसरी, सौरप्रकल्प असो वा धरण, ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात त्यातलं काय पोचलं? मुळशीच्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न हाच होता.