आजव्याच्या पाण्याचं पुढे काय झालं?

बडोद्याच्या पाण्याचा इतिहास म्हटला की आपण आजव्यापाशी थांबतो. सयाजीराव महाराजांनी धरण बांधून ते पाणी नळानं शहरात आणलं, त्याचा अभिमान आहेच. पण वापरून झालेलं पाणी जातं कुठे, हे आपल्या मंडळात कुणी फारसं विचारलेलं नाही.

1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली. मागोमाग खतांचे, पेट्रोकेमिकलचे कारखाने आले आणि त्यांचं सांडपाणी मिनी नदीतून महीत जाऊ लागलं. उपाय म्हणून सुमारे 55 किलोमीटरचा कालवा खणला गेला. 1983 पासून उत्तरेकडच्या कारखान्यांचं पाणी पादरा, जंबुसर तालुक्यांतून सारोदजवळ महीच्या मुखाशी, म्हणजे खंभातच्या आखातात जातं. विचार सरळ होता: लांब नेऊन सोडा. वाटेतल्या काही शेतकऱ्यांनी मात्र पंप लावून तेच पाणी शेताला घेतलं. पुनर्वापर आपल्याकडे असा सुरू झाला, कुणाच्याही आराखड्याशिवाय!

पुढे दुसरा विचार आला: बाहेर थेंबही सोडायचा नाही. मी पेशानं इंजिनिअर, अशा संयंत्रावर काही वर्षं काढली आहेत. पाणी आधी जैविक प्रक्रियेतून, मग आरओच्या पडद्यातून जातं. स्वच्छ भाग कूलिंग टॉवरला परत. उरतं ते खारट पाणी, ते आटवायचं. हजार लिटर पाण्याची नुसती वाफ करायला सुमारे 630 युनिटांइतकी उष्णता लागते. एका भांड्याची वाफ पुढच्या भांड्याला देऊन हा खर्च बराच खाली येतो, संपत नाही. नळ्यांवर क्षार चढले की सगळं बंद करून धुवायचं.

आणि मीठ? लिटरला 10 ग्रॅम क्षार असले तर हजार लिटरमागे 10 किलो मीठ उरतं. नाना रसायनं मिसळलेलं हे मीठ कुणी विकत घेत नाही. ते खाली अस्तर घातलेल्या सुरक्षित खड्ड्यातच पुरावं लागतं.

मी होतो त्या कारखान्यात गोण्या उचलायला गाडी वेळेवर यायची नाही. शेडच्या मागे ताडपत्रीखाली थप्पी लागायची. एका जुलैत ताडपत्री फाटली, पांढरे ओघळ कुंपणाखालून बाहेर गेले. मी वर कळवलं. नोंदवहीत त्या दिवशीचा विसर्ग शून्यच लिहिला गेला, आणि खाली सही माझीच आहे.