घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर असलेला वीजसाठवणुकीचा प्रकल्प. क्षमता 250 मेगावॅट (125 मेगावॅटचे दोन संच). 2008 मध्ये कार्यान्वित. वरचे धरण प्रवरेच्या खोऱ्यात घाटघरला, तर खालचे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात चोंढे येथे आहे. दोहोंच्या पातळीत चारशे मीटरांहून अधिक फरक असून वीजगृह भूमिगत आहे. उभारणी राज्याच्या पाटबंधारे (आता जलसंपदा) विभागाने जपानी कर्जाच्या साहाय्याने केली. संचालन महानिर्मितीकडे आहे. कमी पाण्याचे, राखमिश्रित, कोरडसर काँक्रीट थरावर थर पसरून रोलरने दाबायचे, हे धरणबांधणीचे तंत्र भारतात प्रथम येथेच मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. स्थापत्य अभियंत्यांच्या लेखी प्रकल्पाची ख्याती मुख्यतः त्यासाठी असली, तरी त्याचे खरे वेगळेपण अर्थकारणात आहे.

हा प्रकल्प जितकी वीज देतो त्याहून अधिक खातो. एक घनमीटर पाणी चारशे मीटर खाली आले की साधारण एक युनिट वीज मिळते. तेच पाणी पुन्हा वर चढवायला सुमारे सव्वा ते दीड युनिट लागते. म्हणून ‘तोट्यातले वीजकेंद्र’ हा आक्षेप वरवर पटतो. पण तो सगळी युनिटे एकाच भावाची धरतो. औष्णिक संच रात्री विझवून सकाळी पुन्हा पेटवणे परवडत नाही. त्यामुळे मागणी नसतानाही ते काही प्रमाणात चालू ठेवावे लागतात. ती वीज स्वस्तात घेऊन पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी, राज्यभर दिवे लागतात त्या वेळी, ते सोडायचे, अशी मूळ योजना. चार युनिटे घालून तीन मिळतात असे धरले, तर तीन रुपयांना घेतलेले युनिट चार रुपयांना पडते. संध्याकाळचा भाव याहून जितका वर, तितकीच प्रकल्पाची कमाई. व्याज आणि देखभाल त्यातूनच भागवायची. हे खर्च यंत्रे थांबली तरी थांबत नाहीत. त्यामुळे वाया जाणाऱ्या चौथ्या युनिटापेक्षा बंद पडलेला दिवस महाग ठरतो, आणि ताळेबंद पाहताना सहसा नेमके हेच सुटते. शिवाय काही मिनिटांत पूर्ण भाराला येण्याची तयारी ही स्वतंत्र सेवा आहे. युनिटांच्या हिशोबात तिचे मोल दिसत नाही.

आता स्वस्त विजेची वेळ बदलते आहे. सौरऊर्जेमुळे दुपारी वीज मुबलक असते आणि सूर्य मावळताच तुटवडा जाणवतो. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेचा आरंभीचा प्रकल्प याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीला झाला, हा योगायोग बोलका आहे. रात्रीऐवजी दुपारी पंप चालवले की जुनी यंत्रेही नव्या गरजेला उपयोगी पडतात. मात्र ऋतूंमधली तफावत घाटघर भरून काढू शकत नाही. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावरील पवनचक्क्या पावसाळ्यात जोमाने फिरतात. त्याच काळात शेतीपंपांची मागणी घटते. अशी महिन्यांची साठवण मोठ्या जलाशयातच होते. जवळच्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणात (1926) ती आहे, पण तेथील पाणी शेतीच्या आवर्तनांना बांधलेले असल्याने वीज कधी काढायची हे सिंचनाच्या वेळापत्रकावर ठरते. घाटघरचा साठा लहान, जेमतेम काही तासांचा, पण पाणी फिरते राहत असल्याने तो असे कोणतेही वेळापत्रक पाळत नाही. लाभ यातच आहे.

प्रवरेचे, म्हणजे गोदावरी खोऱ्याचे, पाणी कोकणात जाते का, हा प्रश्न नगरमधील पाणीवादात अधूनमधून निघतो. तेच पाणी वर-खाली फिरत असल्याने पहिली भरणी, बाष्पीभवन आणि गळती एवढाच वापर धरता येतो. मात्र तो कोणत्या खोऱ्याच्या खात्यावर मांडावा यावर मतभेद संभवतात.

राज्यातील आणखी एक उदंचन केंद्र : भिरा (टाटा, 150 मेगावॅट).

पर्यटन : घाटघरचा कोकणकडा, साम्रदची सांदण दरी.